हसण्याआधीचं वाक्य

त्या सिनेमाचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही आणि मी इथेही घेणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. ज्यांना नाही ते सुखी आहेत, त्यांनी तसंच राहावं.

त्याची गोष्ट मात्र सांगावी लागेल, नाहीतर माझी मावशी तुम्हाला कळायची नाही. एक लेखक असतो. साप्ताहिकात क्रमशः भुताच्या कथा लिहून पोट भरतो. एका आठवड्यात त्याला काही म्हणजे काही सुचत नाही, म्हणून तो भिंतीपलीकडे राहणारी एक बाई रचून मोकळा होतो. तिला नाव नाही, चेहरा नाही, नुसतं हसू आहे. पुढच्या आठवड्यात त्याच्या टायपिस्टला भिंतीपलीकडून हसू ऐकू येतं. मग छापखान्यातल्या माणसाला, मग वाचकांना, ज्याच्या त्याच्या घरात. लेखक घाबरून कथा बंद करतो, पण बाई काही बंद होत नाही. शेवटी पडदा काळाकुट्ट होतो आणि अंधारात फक्त ते हसू चालू राहतं. संपलं. एवढ्यावर लोक वेडे झाले. लागला तेव्हा कुत्रं फिरकलं नव्हतं त्याच्याकडे. पुढे कॉलेजच्या पोरांनी तो उचलून धरला, आणि आता त्याची मंडळं आहेत, चर्चा आहेत, छातीवर भिंत छापलेले शर्टसुद्धा आहेत.

ते हसू माझ्या मावशीचं आहे.

मावशी, म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण, पडदे शिवते. आधीच सांगून ठेवते, ती गोड वगैरे बाई नाही. कुणाच्याही घरी गेली की माणसांकडे नंतर बघते, आधी पडद्यांकडे. दोन बोटांनी पडद्याची खालची दुमड उचलून ‘कुणी शिवलाय?’ असं विचारते, की घरातल्या बाईला घाम फुटावा. माझ्या सासूच्या बैठकीतल्या पडद्यांना ती पहिल्याच भेटीत ‘पायजमे’ म्हणाली होती. माझं सासर सुटलं त्याला इतर बरीच कारणं आहेत, पण सुरुवात तिथून झाली. तेव्हापासून मी मावशीकडेच राहते. पाणीपुरवठा कचेरीत तक्रारखिडकीवर बसते. दिवसभर लोकांच्या शिव्या खाते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत माझ्याकडे भरपूर साठा असतो.

मावशीच्या तोंडात कायम टाचण्या. ओठांत एक रांग धरून ती बोलते, गिऱ्हाइकाशी घासाघीससुद्धा तशीच करते. तिच्या धंद्यात भागीदार एकच होता, तिचा नवरा, आमचे काका. ती बेतायची, शिवायची. ते शिडीवर चढून दांड्या ठोकायचे, कड्या अडकवायचे, कापड ताणून धरायचे. काका दिसायला अगदी सरकारी होते. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही, आणि त्या मख्ख चेहऱ्याने ते असं काही बोलायचे की समोरचा आडवा व्हायचा. सगळ्यात जास्त मावशी. चारचौघांत लोकांना कापून काढणारी ही बाई काकांच्या एका वाक्यावर भिंतीला टेकून हसायची. आधी नाकातून, मग खांद्यातून, मग एकदम फुटून, घरभर. लहानपणी आम्ही भाचरं काकांना गळ घालायचो, काका, मावशीला चालू करा ना.

तर त्या सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीला भिंतभर जाड, काळ्या लोकरीचे पडदे हवे होते, आवाज घुमू नये म्हणून. काम ह्या दोघांना मिळालं. तिथली जमीन वरखाली होती, म्हणून मावशीने ठरवलं की पडदे आधी टांगायचे आणि दुमड टांगलेल्या पडद्यालाच घालायची. ती खाली बसून हाताने टाके घालत होती, काका पडद्यामागे उभे राहून कापड ताणून धरत होते. उजेड बेताचा. शेजारच्या काचेमागे ध्वनिमुद्रक मायक्रोफोन तपासत होता आणि त्याची टेप चालू होती. मावशीचा हात चालायला लागला की तो कुणाचं ऐकत नाही. तिने पडद्याबरोबर काकांच्या सदऱ्याचा सोगाही शिवून टाकला. चांगला पक्का, दुहेरी दोऱ्याने. काका बाजूला व्हायला गेले तर पडदा त्यांच्याबरोबर निघाला, वरची दांडी कलंडली आणि काका त्या काळ्या लोकरीत गुंडाळले गेले. आतून ते काहीतरी बोलले. ते ऐकून मावशी हसली. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे आधी बंद ओठांनी, मग टाचण्या एकेक करून लाकडी जमिनीवर सांडत, मग सगळा बांध फुटून.

ध्वनिमुद्रकाने ते हसू ठेवून घेतलं. मागाहून त्याचा वेग कमी केला, त्यात घुमारा घातला आणि सिनेमाला चिकटवलं. मावशीला कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. दोघं हौसेने तिकीट काढून सिनेमाला गेली, आपले पडदे कुठे दिसतात का बघायला. शेवटच्या अंधारात मावशी ताठ झाली.

“अहो, ही मी आहे.”

“कळलं मला,” काका म्हणाले. “पण तू इतकी सावकाश कधी हसतेस?”

सुरुवातीला त्यांना गंमतच वाटली. मग सिनेमा गाजला, हसू मावशीचं हे लोकांना कळत गेलं, आणि गंमत संपली. दुकानात मावशी खुदकन हसली तर गिऱ्हाईक मागे वळून बघायचं. जिन्यात पोरं तिला बघून भिंतीवर टकटक करायची आणि पळायची. आमची भिंत आणि शेजारची भिंत एकच, बोट घातलं तर पलीकडे निघेल अशी. शेजारच्या घरात नवी सून आली होती. आदल्या दिवशी ती तो सिनेमा बघून आलेली. दुपारी काका इकडे काहीतरी बोलले, मावशी हसली, आणि तिकडे त्या मुलीच्या हातातून उकळत्या पाण्याचं भांडं सुटलं. दोन्ही पावलं भाजली. संध्याकाळी तिची सासू आमच्या दारात उभी राहून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, “असलं हसणाऱ्या बाईने माणसांत राहू नये!”

मावशीला कुणी बोललेलं मी ऐकून घेत नाही, पण त्या दिवशी मी तिथे नव्हते. आणि मावशी, जिने माझ्या सासूला पायजमे सुनावले होते, ती मूग गिळून बसली. मुलीचे पाय भाजले होते, त्याला ती काय उत्तर देणार?

तेव्हापासून काकांनी एक पद्धत पाडली. काही गमतीचं सांगायचं असलं की ते आधी उठायचे, खिडकी लावायचे, भिंतीला गादी उभी करायचे, परत येऊन बसायचे आणि मग सांगायचे. आता तुम्हीच सांगा, एवढी तयारी बघितल्यावर माणसाला हसू येईल का? कधी यायचं, बहुतेक वेळा नाही. मग काका गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेले. नंतर खिडकी लावायला कुणी उरलं नाही आणि हसवायलाही. मावशी हसायचीच थांबली. मी तिला हसवायचा प्रयत्न केला नाही असं नाही, पण माझे विनोद म्हणजे लोकांची निंदा असते, आणि त्यावर ती फक्त मान हलवून दुजोरा देते.

सदरा शिवल्याची गोष्ट ती अजून सांगायची. पण काकांच्या वाक्याशी येऊन अडायची. “आणि आतून म्हणाले, अगं, मी पडदा झालो... नाही, असं नव्हतं. म्हणाले, बाई, माझा सदरा... छे.” टाचण्या तोंडातून काढून ती छताकडे बघत बसायची. मी हसले ते आठवतं, कशाला हसले ते आठवत नाही, म्हणायची. एकदा कपाटातला काकांचा फोटो पुसता पुसता म्हणाली, “आता आवाजही जायला लागला गं. खोकला आठवतो त्यांचा. शिडीवरून ‘दे’ म्हणायचे ते आठवतं. बोलणं आठवत नाही.” काकांचा आवाज कशातच भरलेला नव्हता. तेव्हा कोण भरून ठेवत होतं आपल्या माणसांचे आवाज?

अशा घरात तो दाढीवाला आला. सिनेमाच्या मंडळाचा अध्यक्ष. छातीवर भिंत छापलेला शर्ट, आणि मावशीला बघून हात असे जोडले जसं काही तीच भिंत. मी दार पुरतं उघडलं नव्हतं, तरी तो आत आला.

“तुम्हाला कल्पना नाही मॅडम, तुम्ही आमच्यासाठी काय आहात.”

“मॅडम नाही. पडदेवाली आहे,” मावशी म्हणाली. “मापं आणलीत?”

तो हसला. मापं नव्हती, आमंत्रण होतं. रविवारी दुपारी सिनेमावर जाहीर चर्चा, वक्ते, प्रश्नोत्तरं, आणि शेवटी साक्षात ‘ती’ मंचावर. मावशीने नुसतं येऊन एकदा हसायचं. मी त्याला दार दाखवणार एवढ्यात तो म्हणाला, “ध्वनिमुद्रक वारण्याआधी त्यांची मूळ टेप मला देऊन गेले. सिनेमात घेण्याआधीची, जशीच्या तशी. तुमच्या हसण्याच्या आधी त्यात एक पुरुषाचा आवाज आहे. ते म्हणाले, हे त्या बाईंचे मिस्टर.”

मावशीने कात्री खाली ठेवली. चालू कापडावर ती कधी कात्री ठेवत नाही.

“काय म्हणतायत त्यात?”

“ते मंचावरच ऐकवणार आम्ही. पहिल्यांदाच.”

“आत्ता ऐकवा.”

“त्याला जुनं मशीन लागतं हो.”

“मशीन कुठे आहे? मी येते,” मावशी उठलीच.

मग तो खाकरला. टेप म्हणजे मंडळाचा ठेवा आहे, कार्यक्रमाआधी बाहेर काढायची नाही असं ठरलंय, तिकिटं लावलीत, लोक लांबून येणार आहेत. तुम्ही मंचावर हसलात की लगेच टेप. मी म्हणाले, “म्हणजे आधी माकडाने उडी मारायची, मग शेंगदाणा?” तो म्हणाला, असं नका बघू. मी म्हणाले, मी असंच बघते, मला पगारच ह्याचा मिळतो. शब्दाला शब्द वाढला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. फोनवर भरून आण, नाहीतर चालता हो, असं मी त्याला सरळ सांगितलं.

मावशीने मला हाताने गप्प केलं. “येते मी रविवारी,” ती म्हणाली. आणि त्याच्या मागे दार लावून घेतल्यावर, “मला त्यांचं बोलणं ऐकायचंय. त्यासाठी मी डोक्यावर उभी राहीन.”

“तुला हसता येणारे का पण? कुणी सांगितलं म्हणून?”

पुढचे दिवस मी कचेरीतून घरी येताना जिन्यात थबकायचे, कारण आतून आवाज यायचा. मावशी खिडकी लावून हसायचा सराव करत होती. हा हा. ही ही. दळण निवडल्यासारखी एकेक. ते ऐकून मला त्या दाढीवाल्याचं काय काय करावंसं वाटलं ते लिहिण्यासारखं नाही.

रविवारी सभागृह भरलं होतं. सगळे काळ्या शर्टांत. मावशीने आपली स्वच्छ करडी शाल घेतली होती आणि हातात शिवणाची पिशवी, जी ती दातांच्या डॉक्टरकडेही नेते. पहिल्या रांगेत बसल्या बसल्या तिने मंचाच्या पडद्याकडे बघितलं आणि नाक मुरडलं. मला जरा धीर आला.

आधी दिवे घालवून सिनेमाचा शेवट दाखवला. अंधार, आणि ते हसू. खोल, ओढलेलं, मधूनमधून टिक, टिक असा आवाज. माझ्या अंगावर काटा आला हे कबूल करते, बाजूला तीच बाई बसलेली असूनही. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मावशी शालीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मग एक प्राध्यापिका बोलायला उभ्या राहिल्या. कल्पित आणि वास्तव ह्यांच्यातली भिंत, म्हणाल्या, आणि मग त्या भिंतीला त्या बराच वेळ सोडीनात. त्यांच्या मते त्या टिकटिकीतच सगळ्या सिनेमाचं मर्म होतं. ती टाइपरायटरची अक्षरं होती. लेखकाने लिहिलेली अक्षरं कागदावरून गळून आपल्या जगात पडतात, त्याचा हा आवाज. मागच्या रांगेतल्या एका पोराने उठून हरकत घेतली. तो म्हणाला, ते दात आहेत, त्या बाईचे दात पडतायत, कारण तिला चेहरा मिळत नाहीये. ह्यावर दोघांची जुंपली. कुणी म्हणे नखं, कुणी म्हणे घड्याळ.

“टाचण्या,” मी मोठ्याने म्हणाले.

“श्श,” मागची बाई म्हणाली.

“श्श काय? टाचण्या आहेत त्या. हिच्या तोंडातल्या.”

माझ्याकडे लोकांनी अशा नजरेने बघितलं जशी मी त्यांच्या घरात चपला घालून शिरले. प्राध्यापिका समजुतीच्या सुरात म्हणाल्या की कलाकृती पूर्ण झाल्यावर ती टाचणी कुणाची होती हे महत्त्वाचं राहत नाही. मी विचारणार होते की मग ह्या बाईला कशाला आणलंत, पण तेवढ्यात दाढीवाल्याने मावशीचं नाव नाही, ‘ती’ असं पुकारलं. मावशीला मंचावर नेऊन एका खुर्चीत बसवलं, समोर माइक ठेवला आणि दिवे निम्मे केले. बाजूच्या टेबलावर ते जुनं मशीन होतं, दोन मोठ्या चकत्यांचं. ते चालवायला सभागृहाचीच एक नोकर बाई बसली होती. तिला ह्या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं, ती जांभया देत होती.

“आधी टेप लावा,” मावशी माइकमध्ये म्हणाली.

“आधी तुम्ही,” दाढीवाला गोड हसून म्हणाला. “असं ठरलंय ना?”

मावशीने श्वास घेतला. हा, म्हणाली. हा हा. ती थांबली, घसा साफ केला, पुन्हा सुरू केलं. घरी केलेला सराव तसाच्या तसा आला, तेवढाच कोरडा. कुणीतरी फिसकन हसलं. मग मागून आवाज आला, “ही ती नाहीये!” दुसरा म्हणाला, “कुणाला पकडून आणलंय? पैसे परत द्या!” काही जण बाकं बडवायला लागले. मावशीचे कान लाल झाले. ती तशीच हा हा करत राहिली, कारण न थांबलं तर टेप लागेल असं तिला वाटत होतं. तिला त्या खुर्चीत तसं बघणं मला सहन होईना. मी मंचाच्या पायऱ्या चढून वर गेले आणि माइक तिच्यापुढून ओढून घेतला.

“लाज वाटत नाही?” मी ओरडले. “तुमच्या आईला असं बसवाल?”

“खोटी बाई! खोटी बाई!” मागच्या रांगा ताल धरून म्हणायला लागल्या. दाढीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. बाईच खोटी ठरली असती तर त्याचं अध्यक्षपदही गेलं असतं. त्याने धावत जाऊन मशीनवरच्या बाईला खूण केली. आमच्यासाठी नव्हे, स्वतःची अब्रू वाचवायला. चकत्या फिरल्या.

आधी नुसती खरखर. मग हातोडीचे ठोके. मग कुणाचं तरी दुरून, “कापड ताणा जरा,” हे मावशीचं, ओठ मिटून, टाचण्यांतून. काहीतरी धाडकन पडलं. आणि मग, जाड लोकरीच्या आतून, अगदी शांत, सरकारी आवाजात काका बोलले.

“अगं, मला घरी नेणारेस, की इथेच टांगून ठेवणारेस?”

आणि मावशी हसली. टेपवरची. खऱ्या वेगाने. आधी नाकातून, मग टाचण्या टिक टिक टिक जमिनीवर, मग सगळं एकदम, “अहो, थांबा, हलू नका, फाटेल!” आणि पुन्हा हसू, आणि त्यात मधे काकांचंही, जे मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. ते इतकं साधं आणि इतकं आनंदाचं होतं की सभागृहातली पहिली रांग हसली, मग दुसरी, मग ते ताल धरणारे टवाळही. सगळे. घाबरायला तिकीट काढून आलेली माणसं पोट धरून हसत होती. प्राध्यापिकासुद्धा.

एकटी मावशी हसत नव्हती. ती खुर्चीतून उठली होती आणि मशीनकडे बघत होती.

“नेते हो,” ती म्हणाली. माइक माझ्या हातात होता, तरी मला ऐकू आलं. “न्यायलाच आलेय.”

ती टेबलाशी गेली आणि त्या नोकर बाईला म्हणाली, “मागे घ्या. त्यांचं बोलणं संपतं तिथे थांबवा.” त्या बाईने मावशीच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि दाढीवाल्याला न विचारता हाताने चकती मागे फिरवली. काका उलटे बोलले, मग सुलटे. “टांगून ठेवणारेस?” तिथे तिने बोट टेकलं. मावशीने पिशवीतून तुरपाईची छोटी कात्री काढली.

“अहो, अहो!” दाढीवाला धावला. “ठेवा आहे तो! हात लावू नका!”

मी मधे उभी राहिले. रोज सबंध गावाच्या शिव्या खाणाऱ्या बाईला एक दाढीवाला काय जड आहे? तो डावीकडे गेला, मी डावीकडे गेले. मागे कात्रीचा आवाज आला, दोनदा. काकांच्या वाक्याच्या आधी एक, नंतर एक. मावशीने तो तपकिरी फितीचा तुकडा खांद्यापासून बोटापर्यंत ताणून मापला, जसं कुठलंही कापड मापते. हातभरही भरला नाही.

“आणि हसू?” दाढीवाला रडकुंडीला आला होता. “सगळं बिघडवलंत तुम्ही! आता ह्या सगळ्यांनी ऐकलंय. आता सिनेमात ते आलं की ह्यांना भीती वाटेल का?”

“हसू ठेवा तुम्हाला,” मावशी म्हणाली. “ते काय, मी आणखी काढीन. ह्यांना कुठून काढू?”

तिने पिशवीतून एक रिकामं दोऱ्याचं रीळ काढलं, फीत त्यावर गुंडाळली, टोकाला टाचणी टोचली आणि रीळ पिशवीत टाकलं. जाता जाता मंचाच्या पडद्याची दुमड उचलून बघितली. “कुणी शिवलाय?” तिने विचारलं.

घरी आल्यावर तिने शाल घडी करून ठेवली, रीळ शिलाई मशीनच्या खणात ठेवलं आणि पलंगाच्या कडेला बसली. आमच्याकडे ती फीत वाजवायला मशीन नाही. तिला त्याची गरजही नव्हती, वाक्य आता तिच्याकडे होतं. ओठ हलवत ती ते मनातल्या मनात म्हणत होती. मी बघितलं, तिचे खांदे हलायला लागले होते. मला वाटलं रडतेय. मग नाकातून आवाज आला.

मी काकांच्या सवयीने खिडकी लावायला उठले.

“राहू दे उघडी,” मावशी म्हणाली. चेहरा मख्ख करून, आवाज जाड करून, हुबेहूब काकांसारखं तिने ते वाक्य म्हणून दाखवलं. “...की इथेच टांगून ठेवणारेस?” आणि मग ती फुटली. भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी गाळत, घरभर, जिनाभर, उघड्या खिडकीतून पार खालपर्यंत.

शेजारून भिंतीवर थाप पडली. मी उलट दोन थापा मारल्या.